परांजपेकाकांची दोन पिस्तुलं

परांजपेकाकांच्या घरी पाहुणा गेला की त्याच्यापुढे चहाचे दोन कप येत. दोन्ही अर्धे भरलेले आणि रंगाला, वासाला, वाफेला अगदी सारखे. काका समोरच्या खुर्चीत हाताची घडी घालून बसत आणि पाहुण्यानं दोन्ही कपांतला एकेक घोट घेईपर्यंत तोंडातून शब्द काढत नसत. मग विचारत, "फरक सांगा." पाहुणा गोंधळायचा. बहुतेक जण "दोन्ही छान आहेत" असं म्हणून सुटका करून घ्यायला बघायचे, आणि काकांच्या दृष्टीनं त्याहून वाईट उत्तर जगात नव्हतं. एका चहात आलं किसून घातलेलं असायचं, दुसऱ्यात ठेचून. कधी एकात साखर आधी आणि दुसऱ्यात नंतर. आतून काकूंचा आवाज यायचा, "अहो, पिऊ द्या हो त्याला सुखानं." पण काकांनी पाहुण्याला सुखानं चहा पिऊ दिल्याचं मला तरी आठवत नाही.

माझी त्यांची ओळख रस्त्यावर झाली. दोन हजार एकचा उन्हाळा होता. मी नागपूरहून नुकताच अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईडन प्रेरीला आलो होतो, एका कंपनीत प्रोग्रामर म्हणून, तात्पुरत्या व्हिसावर. गाडी नव्हती, म्हणून किराणा घेऊन चालत अपार्टमेंटकडे निघालो होतो. ईडन प्रेरीत कुणी चालत नाही. चालणाऱ्या माणसाकडे लोक त्याला काहीतरी झालंय अशा नजरेनं बघतात. एक जुनी करडी गाडी माझ्याशेजारी थांबली, काच खाली झाली आणि पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ शुद्ध पुणेरी मराठीत म्हणाले, "उजव्या हातात जास्त वजन घेतलंय तुम्ही. घरी पोचेपर्यंत खांदा धरेल. बसा गाडीत." मी मराठी आहे हे त्यांना कसं कळलं, हे मी नंतर विचारलं. म्हणाले, पिशवीतून कोथिंबिरीच्या तीन जुड्या डोकावत होत्या आणि तोंडानं काहीतरी पुटपुटणं चाललं होतं, ते मराठीच असणार.

त्यांचं घर माझ्या अपार्टमेंटच्या मागच्या तळ्यापलीकडे होतं. त्या दिवशी मलाही दोन कप मिळाले. मी दोन्ही छान आहेत म्हणालो. काका काकूंकडे वळून म्हणाले, "नागपूरचा दिसतो. मनानं मोठा." एवढं बोलून त्यांनी माझा विषय संपवला असं मला वाटलं. पण पुढच्या शनिवारी त्यांचा फोन आला, जेवायला ये म्हणून, आणि मग पुढची सात वर्षं मी त्या घरचाच झालो.

काका एकोणीसशे सत्तरच्या सुमारास अमेरिकेत आलेले. मिनियापोलिसजवळ एका कारखान्यात तपासनीस होते. माणसाच्या हृदयात बसवायच्या उपकरणांचे बारीक बारीक भाग तिथे तयार होत आणि काका ते भिंगाखाली धरून पास किंवा नापास करत. ही नोकरी त्यांनी केली की नोकरीनं त्यांना घडवलं, हे सांगणं कठीण आहे. घरातही ते तपासनीसच असत. "'बरं आहे' म्हणजे काय?" असं ते वारंवार म्हणायचे. "बरं आहे म्हणजे नीट बघितलेलं नाही."

या स्वभावापायी त्यांनी माणसं फार दुखावली. मंडळाच्या गणपतीत एकदा त्यांनी एका बाईंना सगळ्यांदेखत सांगितलं, की सारण उत्तम आहे, पण पारी जाड झाली आणि शेजारच्या ताटातली पातळ आहे. त्या बाई आणि शेजारच्या ताटातल्या बाई, दोघी एकमेकींच्या जिवलग मैत्रिणी होत्या. पुढच्या वर्षीपासून मंडळानं काकांना स्वयंपाकघरापासून लांब, बाहेर पार्किंगवर नेमलं. तिथे उन्हात उभं राहून ते येणाऱ्या प्रत्येकाला गाडी किती वाकडी लागली आहे ते सांगत. वाईट मनात काही नसायचं. एखाद्याला त्याची चूक दाखवणं म्हणजे त्याला मान देणं, असं त्यांना मनापासून वाटायचं. समोरच्याला ते तसं वाटत नाही हे त्यांना इतक्या वर्षांत उमजलं नव्हतं.

अशा या माणसाला पिस्तुलाचा नाद होता हे कळल्यावर मी थक्कच झालो. शाकाहारी माणूस. बेसमेंटमध्ये कोळी दिसला तर कागदावर घेऊन बाहेर सोडून येणारा. पण दर गुरुवारी संध्याकाळी ते एका क्लबात जाऊन कागदावरच्या काळ्या गोलात नेम धरत. शिकारीचं किंवा घराच्या संरक्षणाचं नाव काढलं तर वैतागत. एक हात लांब करून, श्वास अर्धा सोडून, सगळं अंग स्थिर करायचं आणि बोटाला सुद्धा कळणार नाही असा ट्रिगर ओढायचा, एवढंच त्यांना त्यात हवं होतं. "तेवढ्या वेळात डोक्यात काही नसतं रे," ते म्हणायचे. "तुझ्या काकूचं बोलणंसुद्धा नसतं."

मी त्यांच्याबरोबर जायचो, पण पिवळ्या रेषेच्या मागे, कानांवर ते मोठे कर्णरक्षक चढवून बाकावर बसायचो. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसानं शस्त्राला हात लावायचा नाही, असा कायदा होता आणि काका कायद्याचे पक्के. "व्हिसा टेम्पररी, हात खिशात," हे ते क्लबाच्या दारात मला दर वेळी ऐकवायचे. सात वर्षांत मी एकाही पिस्तुलाला बोट लावलेलं नाही. तरी त्यांच्यातला फरक ओळखायला शिकलो, आवाजावरून आणि काकांच्या मिशीखालच्या ओठांवरून.

क्लबात काकांचा एकच मित्र होता, अर्ल. हा पिस्तुलं बनवणारा कारागीर, काकांपेक्षा दहाएक वर्षांनी मोठा. तासाभरावरच्या एका तळ्याकाठच्या गावात, घरामागच्या शेडमध्ये त्याचं दुकान होतं. जुन्या लष्करी धाटणीचं पिस्तूल तो मुळापासून हातानं करायचा, एकेक भाग कानशीनं घासून दुसऱ्यात बसवत. वर्षाला मोजकीच व्हायची, त्यामुळे आज नाव नोंदवलं तर तीन-चार वर्षांनी नंबर लागायचा. अर्लचं पिस्तूल आपल्याकडे असणं ही त्या वर्तुळात मोठी गोष्ट मानत.

काकांचा अर्लवर जीव होता आणि त्याचं कारण त्यांनी मला एकदा गाडीत सांगितलं. ते क्लबात नवीन असताना सगळे त्यांना "ग्रेट जॉब" म्हणायचे. गोळी कागदाच्या बाहेर गेली तरी ग्रेट जॉब. काकांना कळायचं की आपण वाईट मारतोय, पण या देशात तोंडावर वाईट कुणी म्हणेना. एके दिवशी शेजारच्या उंच, हडकुळ्या माणसानं आपलं पिस्तूल खाली ठेवलं आणि म्हणाला, "तुझे पाय चुकीचे आहेत, मूठ चुकीची आहे, आणि ट्रिगर ओढताना तू डोळा मिटतोस." काका सांगत होते, "प्रशांत, मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, चला, या देशात कुणीतरी आपल्याकडे नीट बघितलं."

मी आलो त्याच वर्षी सप्टेंबरात न्यूयॉर्कला ते घडलं. त्यानंतर महिनाभर काका क्लबात गेले नाहीत. कुणी काही बोललं नव्हतं, पण सावळ्या माणसानं पिस्तुलाची पेटी हातात घेऊन दार उघडावं असे ते दिवस नव्हते. मग एका गुरुवारी अर्लचा ट्रक काकांच्या दारात येऊन उभा राहिला. त्यानं हॉर्न वाजवला, काकांना 'पॅरी' म्हणून हाक मारली, कारण परांजपे हा शब्द त्याच्या जिभेला कधी झेपला नाही, आणि त्यांना शेजारी बसवून क्लबात घेऊन गेला. त्या संध्याकाळीही त्यानं काकांच्या नेमातल्या तीन चुका काढल्या.

त्या डिसेंबरातच काकांनी अर्लकडे पिस्तुलासाठी नाव नोंदवलं. आणि स्वभावाला जागून त्यांनी टॉडकडेही नोंदवलं. टॉड हा अर्लचा शिष्य. अर्लच्या शेडमध्ये तो बारा वर्षं शिकला आणि मग स्वतःचं दुकान काढायचं म्हणाला. अर्लनं त्याला तुझी अजून तयारी नाही असं सांगितलं, टॉड तरी गेला, आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. अर्लनं शिकवलेलं सगळं टॉडच्या हातात होतं, त्यामुळे दोघांची पिस्तुलं दिसायला एकाच आईची लेकरं. काकांनी दोघांनाही सरळ सांगून टाकलं, की मी दुसऱ्याकडेही सांगितलंय, ज्याचं चांगलं होईल ते ठेवणार. काकूंची अट होतीच, घरात एकच राहील. दोघांचीही पद्धत अशी होती, की उन्हाळाभर चालवून बघा, नाही पटलं तर परत आणा. हीसुद्धा टॉडनं अर्लकडूनच उचललेली.

दोन्ही पिस्तुलं दोन हजार पाचच्या वसंतात, एकाच महिन्यात तयार झाली. अर्लचं आणायला काकांबरोबर मीही गेलो होतो. शेडमध्ये तेलाचा आणि लाकडाच्या धुराचा वास होता. अर्लनं जाड कापडात गुंडाळलेलं पिस्तूल काकांच्या हातात दिलं. मग म्हणाला, "पॅरी, तू टॉडचंही घेतलंयस. दोन्ही शेजारी ठेवून बघ. आणि मला सांग, मी आता हे थांबवू का."

काकांनी कशासाठी थांबवायचं, असं विचारलं. अर्ल म्हणाला, डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत. गिऱ्हाइकं फारच उत्तम म्हणतात, बायको उत्तम म्हणते, क्लबातले उत्तम म्हणतात. "सगळी चांगली माणसं आहेत. त्यांच्या बोलण्याचा मला काही उपयोग नाही. तू सांगशील ते मी ऐकेन."

परतताना काका खुशीत होते. आपल्या बघण्याला कुणीतरी एवढी किंमत दिली होती. यात आपण कशात अडकलो आहोत हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं नसावं. माझ्या तर अजिबातच आलं नव्हतं.

तो उन्हाळा काकांनी बेसमेंटमध्ये आणि क्लबात काढला. दोन्ही पिस्तुलं हिरव्या मखमलीवर शेजारी शेजारी ठेवलेली असत, आणि मी जिन्याच्या खालच्या पायरीवर, खिशात हात घालून. दोन्हींचा ट्रिगर शेंगेचं टरफल फुटावं तसा हलक्यानं सुटायचा. वरचा भाग मागे ओढला की सागवानी कपाटाचा खण सरकावा तसा सरकायचा. क्लबात टेकू लावून, लांबच्या अंतरावरून काकांनी कागदामागून कागदाला भोकं पाडली. दोन्हींचे कागद एकमेकांवर ठेवून उजेडाकडे धरले, तर कुठल्या पिस्तुलाचा कुठला हे त्यांनाही सांगता येईना. जूनअखेर काकूंनी विचारलं, काय ठरलं? काका म्हणाले, अजून बघतोय. काकू मला म्हणाल्या, "माझ्या वेळी अर्ध्या तासात होकार कळवला होता रे यांनी. मला तेव्हाच शंका यायला हवी होती."

जुलैत एका रविवारी काकांनी मला बोलावलं. दिवा जवळ ओढलेला होता आणि भिंग अर्लच्या पिस्तुलावर रोखलेलं होतं. मुठीची पुढची बाजू हातातून निसटू नये म्हणून तिच्यावर आडव्या-तिरक्या रेघांची बारीक जाळी कोरलेली असते. कारागीर ती पूर्ण हातानं कोरतो, एकेक रेघ कानशीनं, शेकड्यांनी रेघा. काका म्हणाले, "मधल्या बोटाच्या खाली बघ." मी भिंगातून बघितलं. मला नुसती जाळी दिसली. ते म्हणाले, परत बघ. पुष्कळ वेळानं मला दिसलं, की एका जागी एक रेघ शेजारणीच्या अंगावर थोडी कलली आहे आणि तिला सांभाळून घ्यायला पुढच्या दोन-तीन रेघा किंचित वाकवल्या आहेत. केसाएवढं. टॉडच्या पिस्तुलावरच्या सगळ्या रेघा सरळ होत्या.

"यानं नेमात काय फरक पडतो?" मी विचारलं.

"काहीच नाही."

"मग?"

"त्यानं मला नेमाचं विचारलंच नाहीये," काका म्हणाले. "हाताचं विचारलंय."

तिथून पुढे काकांचं सगळं बिनसलं. जेवणात लक्ष नाही, चहा एकाच कपात येऊ लागला. मंडळात एका बाईंनी विचारलं, श्रीखंड कसं झालंय, तर हे छान म्हणाले आणि त्या बाई घाबरून काकूंना विचारायला आल्या, यांना बरं नाही का. काकूंचं म्हणणं सरळ होतं. म्हाताऱ्या माणसाला उत्तम झालंय म्हणून सांगून टाका, त्यात तुमचं काय जातं. दुकान हेच त्याचं आयुष्य आहे, ते बंद करून तो काय तळ्याकडे बघत बसेल? मीही काकूंच्याच बाजूचा होतो. मी म्हटलं, काका, इतकी बारीक चूक जगात तुमच्याशिवाय कुणाला दिसणार आहे?

काका म्हणाले, "म्हणून तर त्यानं मला विचारलं ना रे."

सप्टेंबर गेला, झाडं लाल-पिवळी झाली आणि परत करायची वेळ आली. मी गाडी घेतली होती, पण त्या दिवशी काकांनी आपलीच करडी गाडी काढली आणि मला शेजारी बसवलं. वाटेत त्यांनी आपला बेत सांगितला. अर्लला खरं ते सांगायचं, पण पिस्तूल मात्र त्याचंच ठेवायचं, टॉडचं परत द्यायचं. म्हणजे खरंही बोललं जाईल आणि अर्लचं मनही राहील. महिनाभर विचार करून त्यांनी हे काढलं होतं आणि त्यावर ते खूश होते. मलाही तो बेत फार चांगला वाटला.

अर्लनं शेडमध्ये खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. काकांनी पिस्तूल बाहेर काढलं, रिकामं असल्याचं दाखवलं, कापडावर ठेवलं आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "टॉडचं जास्त चांगलं आहे."

अर्लनं विचारलं, "कुठे?"

काकांनी जागा दाखवली. अर्लनं भिंग डोळ्याला लावलं, पिस्तूल खिडकीकडे धरलं, फिरवलं, परत धरलं. त्याला ते दिसत नव्हतं. आम्हाला कळत होतं की त्याला दिसत नाहीये आणि त्यालाही ते कळलं. मग त्यानं भिंग खाली ठेवलं, डोळे मिटले आणि अंगठ्याचं नख त्या जाळीवरून हळूहळू खाली आणलं. नख त्या जागी आलं आणि थांबलं.

"हं," तो म्हणाला.

काका घाईघाईनं बोलायला लागले. नेम दोन्हींचा एकच आहे, एवढ्यातेवढ्यानं काही होत नाही, मला हेच हवंय, मी हेच ठेवणार. इतकं घाईनं बोलताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. अर्लनं ते सगळं ऐकून घेतलं.

"पॅरी, तुझ्या कारखान्यात तू हे पास केलं असतंस?"

काकांनी मान हलवली, नाही म्हणून.

"मग इथेही करू नकोस," अर्ल म्हणाला. "खरं सांगायला लागलास ना, मग पुरतं सांग."

त्यानं पिस्तूल परत कापडात गुंडाळलं. आवाजात राग नव्हता. उलट खांद्यावरचं काहीतरी उतरल्यासारखा तो सैल बसला होता. आम्हाला कॉफी दिली, हवेबद्दल बोलला, आणि निघताना काकांचा हात दोन्ही हातांत धरून थँक यू म्हणाला. काका घरापर्यंत इतक्या हळू गाडी चालवत आले, की मागचे लोक हॉर्न वाजवत होते. मिनेसोटात लोक सहसा हॉर्न वाजवत नाहीत.

अर्लनं दुकान बंद केलं. टॉडचं पिस्तूल काकांकडे राहिलं. गुरुवारी क्लबात ते पूर्वीसारखेच नेम धरत, पण घरी आल्यावर त्याबद्दल बोलत नसत. एकदा मी मुद्दाम विचारलं, कसं आहे टॉडचं? म्हणाले, "बरं आहे." अर्लला ते अधूनमधून फोन करायचे. इकडच्यातिकडच्या गप्पा व्हायच्या. त्या पिस्तुलाचं नाव दोघांपैकी कुणी काढलं नाही. आपण मित्राच्या हातातली कानशी काढून घेतली, हे काकांच्या मनात घर करून बसलं होतं. माझ्याजवळ ते तसं कधी बोलले नाहीत, पण काकूंजवळ बोलले होते.

दोन हजार सातच्या हिवाळ्यात अर्ल गेला. झोपेतच गेला. त्या गावातल्या चर्चमध्ये आम्ही तिघं गेलो. प्रार्थना झाल्यावर खाली तळघरात लोक कागदी पेल्यांतून कॉफी पीत उभे होते. लाल दाढीचा एक दांडगा माणूस गर्दीतून वाट काढत आमच्याकडे आला. हा टॉड. आमच्याशी तो असा बोलत होता, की जणू घरचंच कुणी गेलंय. काकांना आश्चर्य वाटलेलं दिसलं. थोड्या वेळानं त्यांनी न राहवून विचारलं, की अर्लचं ते शेवटचं पिस्तूल कुणाकडे गेलं.

टॉडनं पेला खिडकीत ठेवला. मग त्यानं सांगितलं ते असं. त्याच दिवशी, आम्ही निघाल्यावर तासाभरात, अर्लनं टॉडला फोन केला होता. नऊ वर्षांत पहिल्यांदा. म्हणाला, तुझी करवत घेऊन ये, माझ्या डोळ्यांनी आता सरळ कापलं जात नाही. टॉड गेला. अर्लनं पिस्तूल शिकंज्यात अडकवून ठेवलं होतं. नापास काम दुकानाबाहेर जाऊ द्यायचं नाही, हे त्यानं टॉडला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. टॉड म्हणाला, मी कापू शकत नाही म्हणून सांगितलं, इतकं सुंदर आहे ते. अर्ल शेजारी उभा राहिला आणि म्हणाला, काप, सरळ काप. "मी करवत लावली. संपेपर्यंत तो माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा होता." त्यानंतर अर्ल दर रविवारी टॉडच्या दुकानात जाऊन बसायचा आणि नखानं त्याचं काम तपासायचा. टॉडनं काकांचे आभार मानले. म्हणाला, तुम्ही खरं बोललात म्हणून मला ही दोन वर्षं मिळाली.

काकूंनी डोळ्याला पदर लावला. काका नुसते मान हलवत होते. बाहेर आल्यावर त्यांनी गाडीची किल्ली माझ्या हातात दिली आणि मागच्या सीटवर काकूंशेजारी जाऊन बसले. दोन्ही बाजूंना बर्फाची शेतं होती, ऊन लख्ख होतं. बरंच अंतर गेल्यावर ते बोलायला लागले, आमच्यापैकी कुणाशी असं नाही.

"आमच्याकडेही कापतात. मी लाल खूण केली की तो तुकडा मागच्या खोलीत जातो आणि कापतात, चुकून कुणी वापरू नये म्हणून. तीस वर्षं खुणा केल्या मी. ती खोली मला माहीत आहे. आत कधी गेलो नाही."

काकू म्हणाल्या, "अहो, ते तुमचं काम नव्हतं."

"ज्यानं केलेला असतो तो तुकडा, तो तिथे उभा असतो का, हेही मला माहीत नाही," काका म्हणाले आणि रडायला लागले. एवढा मोठा माणूस, पांढऱ्या मिशांचा, माझ्या मागच्या सीटवर हुंदके देऊन रडत होता आणि मी समोरचा रस्ता धूसर दिसत असताना गाडी चालवत होतो. मला त्या क्षणी ते जितके आवडले तितके आधी कधीच आवडले नव्हते.

पुढच्या वर्षी मी नोकरी बदलून सनीव्हेलला गेलो. काकूंचे फोन यायचे. काकांची निवृत्ती जवळ आली होती. एकदा काकू सांगत होत्या, की हल्ली यांना घरी यायला उशीर होतो. एखादा तुकडा नापास केला की नुसती खूण करून भागत नाही यांचं. स्वतः उठून तो करणाऱ्या माणसाकडे जातात, चूक दाखवतात, आणि मग दोघं मिळून मागच्या खोलीत जातात. करवत थांबेपर्यंत हे त्याच्या शेजारी उभे असतात.

मी विचारलं, तिथे काय बोलतात त्याच्याशी?

"काही नाही रे," काकू म्हणाल्या. "खांद्यावर हात ठेवतात म्हणे."